योगाची चटई आणि मिरच्या

निवृत्तीनंतर बाबा अमरावतीतल्या आमच्या कॉलनीच्या मैदानावर रोज सकाळी योगाला जाऊ लागले. त्यासाठी त्यांनी चांगली जाड निळी चटई घेतली. एके दिवशी आईने ती गच्चीवर नेऊन तिच्यावर लाल मिरच्या वाळत घातल्या आणि संध्याकाळी गुपचूप जागेवर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी मीही बाबांसोबत गेले होते. योगाच्या सरांनी सगळ्यांना पालथं झोपवलं आणि कपाळ चटईला टेकवून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. बाबांनी तो घेतला आणि ते असे शिंकले की कडुलिंबावरचे कावळे उडाले. काय चावलं म्हणून त्यांनी उठून चटई झटकली, तशी अख्खी रांग शिंकायला लागली. सर मात्र खूश झाले.

"येऊ द्या, येऊ द्या! आतला कफ निघून राहिला!" असं म्हणता म्हणता तेही शिंकू लागले.

घरी येताच बाबांनी विचारलं, "चटईवर मिरच्या काहून टाकल्या तुनं?"

"तुमीच म्हणाले, चटईले ऊन दाखोत जाय," आई म्हणाली. "मंग येवढी जागा रिकामी ठेवू का?"

बाबा डोळ्यांवर पाणी मारत म्हणाले, "आता पापड घालत जाय बापा."