उजेडानं ठोकणारा जावई

आमच्या कोरेगावचा ज्ञानू विमानदलात फिटर होता. पंचाहत्तर साली तो सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्यासाठी आम्ही पलूसला मुलगी बघायला गेलो. अंजना त्याला बघताक्षणी आवडली. पण तिचे वडील लालासाहेब कडक, त्यांना थापाड्या जावई नको होता.

"काम काय करता?" त्यांनी विचारलं.

ज्ञानू खुलला. "सारखी वाकवली की तार तुटती न्हवं? तसं पंख हलून हलून विमानाच्या पत्र्याला भेग जाती. म्हणून बारीक छऱ्यांनी पत्रा वरनं ठोकून घट्ट करत्यात. अमेरिकेत तर आता लेसरनं, म्हंजी उजेडाच्या झोतानं ठोकून बघत्यात!"

लालासाहेब म्हणाले, "आमी रोज बॅटरी मारतोय, अजून एक डास मेला न्हाई."

सगळे हसले. मी मनात म्हटलं, गेलं गड्या लगीन!

ज्ञानू हट्टाला पेटला. "आवं मामा, पत्र्यावर काळा रंग देत्यात, त्यावर पाणी. झोत पडला की रंगाचा भडका हुतो, अन् वर पाणी असल्यानं दणका आत बसतो."

पोह्यांच्या बश्या उचलायला आलेली अंजना थबकली. अशा वेळी मुलीनं खरं तर मान वर करायची नसते. पण ती म्हणाली, "आबा, दिवाळीत तुमी फटाक्यावर पाटा ठेवलासा, तवाच अंगणात खड्डा पडला न्हवं? आई अजून बोलून दाखवती."

लालासाहेब खो खो हसत सुटले. "पोरगी आत्ताच नवऱ्याच्या बाजूनं बोलाय लागली, आता मी काय बोलू?"

लग्नात त्यांनी जावयाला आहेर केला तो नव्याकोऱ्या बॅटरीचा. म्हणाले, "घ्या जावईबापू, ठोका आता!"