आधी पान उलटं करा

"आधी पान उलटं करा, मग माझ्याशी बोला."

गुलाबाच्या कळ्या उमलत नाहीत म्हणून सांगायला जा, नाहीतर कढीपत्त्याची पानं वळली म्हणून जा, सिस्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं. तुम्ही पान उलटायच्या आत त्याच पुढे होऊन दोन बोटांनी ते उलटत आणि खाली दाटीवाटीनं चिकटलेला मावा तुमच्या डोळ्यांपुढे धरत. ते बारीक हिरवे-काळे किडे रस पीत शांत बसलेले असत. "वरून सगळं हिरवंगारच असतं हो," सिस्टर म्हणत. आपल्याच घरात चोर सापडावा तसं आपण बघत राहायचं.

उलटून बघायची खोडच होती त्यांना. बाजारात वांगी उलटून बघत, दुकानात कपबशी उलटून बघत, माझ्या हातची भाकरी उलटून बघत आणि वर "खालून कच्ची आहे" असं तोंडावर सांगत. तलासरीच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी डहाणू रोडला राहायला आले, तेव्हाची गोष्ट. सामान अजून टेम्पोतच होतं. शेजारच्या दारातून ही उंच, सावळी, पांढऱ्या केसांची बाई आली. नाव नाही, गाव नाही, सरळ अंगठ्यानं माझी खालची पापणी खाली ओढली आणि म्हणाली, "रक्त कमी आहे तुझ्यात. शेवग्याचा पाला खा." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण संध्याकाळी पाला आला, तोही निवडून.

सिस्टरांचा जन्म धाकटी डहाणूच्या मच्छीमार घरातला. आवाज तिथलाच, होडीवरून किनाऱ्याला ऐकू जाईल असा. नोकरी मात्र केली तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यांवर, नर्स म्हणून. पायी हिंडून पोरांना लसी टोचल्या, अडलेल्या बायका सोडवल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "वेळ कुठे होता?" निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीत तळमजल्यावर घर घेतलं, आणि बिल्डरनं फुटक्या विटा टाकून ठेवलेल्या जागेवर बाग उभी केली. जास्वंदीची रांग, गुलाब, लिंबू, शेवगा. कुंपणाबाहेर रुईचं एक झुडूप आपसूक आलं होतं, तेही त्यांनी ठेवून घेतलं.

बाग म्हणजे त्यांचा वॉर्डच. सकाळी हातात पाइप, त्याच्या तोंडावर अंगठा, आणि पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा असा फटकारा की मावा धुऊन जमिनीवर. फारच माजला असेल तर हात धुवायच्या साबणाचं पातळ पाणी, तेही ऊन चढायच्या आत, आणि नंतर साध्या पाण्यानं पान धुवायचं. मी एकदा हौसेनं माझ्या गुलाबाला मूठभर युरिया घातला, तर आठवड्यात कोवळे कोंब फुटले आणि त्यांवर मावा बसला. सिस्टर कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "जेवणाचं आमंत्रण दिलंस, आता पाहुणे आले तर रडतेस कशाला?"

त्यांचा खरा राग मुंग्यांवर. मावा पानातून गोड चिकटा सोडतो, तो चाटायला मुंग्या येतात, आणि त्या चिकट्यापायी माव्याची राखण करतात. सिस्टरांनी जुन्या साडीच्या पट्ट्या ग्रीसमध्ये बुडवून प्रत्येक झाडाच्या बुंध्याला बांधल्या. पाहुणे विचारायचे, हा कसला नवस? आम्ही म्हणायचो, सिस्टरांचा.

पण तो चिकटाच त्यांच्या मुळावर आला. जास्वंदीच्या फांद्या भिंतीवरून पार्किंगवर झुकलेल्या, आणि खाली आमच्या चेअरमनची नवी पांढरी गाडी. चेअरमन गुजराती, बाजारात हार्डवेअरचं दुकान, माणूस सरळ, फक्त गाडीवर पोटच्या पोरापेक्षा जीव. त्या थंडीत मावा इतका आला की गाडीवर रोज चिकटा पडे, त्यावर धूळ बसे, मग काळी बुरशी धरे. चेअरमननं मीटिंग बोलावली. झाडं काढायची आणि सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकायचे, असा ठराव मांडला. हात वर होऊ लागले. माणसं वाईट नव्हती, पण गाड्या सगळ्यांच्याच होत्या.

सिस्टर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "मला संक्रांतीपर्यंत वेळ द्या. त्या दिवशी गाडीवर बोट फिरवा. चिकटलं, तर पहिली कुऱ्हाड मी घालीन."

घरी परतताना मात्र माझा दंड धरून चालत होत्या. म्हणाल्या, "बाग गेली तर मी दिवसभर तपासायचं कोणाला गो?" त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

चेअरमननी मुदत मान्य केली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळी सोसायटी कामाला लागली. भिंतीपलीकडे गेलेल्या फांद्या छाटल्या, पट्ट्यांना नवं ग्रीस लागलं. कोणीतरी फवारणीचं विषारी औषध आणलं, ते सिस्टरांनी दारातूनच परत पाठवलं. त्यांची मदार वेगळ्यावर होती. कुंपणाबाहेरची ती रुई पिवळ्या माव्यानं लडबडलेली असायची, पण त्या तिला हात लावू देत नसत. शनिवारी मारुतीला पानं हवीत म्हणून कोणी आलं तरी दोन फांद्या सोडूनच खुडायला सांगत. रुईचा मावा रुई सोडून जास्वंदीवर जात नाही, पण तो खायला ढालकिडे येतात, ते लाल, गोल, काळ्या ठिपक्यांचे, आणि तिथून ते बागभर पसरतात. "ही माझी खानावळ," त्या म्हणत.

आणि मग जे झालं ते आमच्याच सोसायटीत होऊ जाणे. संक्रांत जवळ आलेली. मावा विरळ होताना दिसत होता. चेअरमन रोज गाडी पुसता पुसता झाडं बघू लागले होते, आणि एका रविवारी सकाळी ते सिस्टरांच्या दारात उभे राहिले. हातात लोणच्याची मोठी काचेची बरणी, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आलेल्या मुलाचा आनंद. पहाटेपासून पानं उलटून उलटून त्यांनी किडे वेचले होते. बरणीत काळपट, केशरी ठिपक्यांच्या, इवल्या मगरींसारख्या अळ्या वळवळत होत्या.

"सिस्टर, जुओ," चेअरमन म्हणाले. "मावा तर छोटा छे, हे बघा मोठे! एक पण सोडला नाही."

मी तिथेच होते. मला त्या अळ्या ठाऊक होत्या, सिस्टरांनीच दाखवल्या होत्या. ती ढालकिड्याची पिल्लं. मोठ्या किड्यांपेक्षा तीच जास्त मावा खातात. बागेची सगळी फौज त्या बरणीत होती, आणि झाडांवर उरला होता फक्त मावा.

सिस्टरांनी बरणी उजेडात धरली, सवयीनं तिचा तळही बघितला. मग चेअरमनकडे वळल्या. "डोळे चांगले आहेत हो तुमचे. मला सुद्धा इतकी सापडली नसती." मग शांतपणे सगळं समजावून सांगितलं. चेअरमनचा चेहरा पडला. "आता चला लवकर," सिस्टर म्हणाल्या, "उपाशी राहिली तर एकमेकांना खातील. जिथून काढली तिथे सोडायची, एकेक करून."

ती दुपार मी विसरायची नाही. हार्डवेअरचे शेठ पोरीच्या रंगपेटीतला ब्रश घेऊन जास्वंदीखाली वाकलेले, एकेक अळी पानाच्या खालच्या बाजूला ठेवतायत, आणि सिस्टर मागून सांगतायत, "हळू, बाळ आहे ते." जेवायलाही कोणी गेलं नाही.

संक्रांतीला सगळ्यांसमोर चेअरमननी गाडीच्या बॉनेटवर बोट फिरवलं. बोट कोरडं. त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं, मग सिस्टरांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि वाकून नमस्कार केला. सिस्टर म्हणाल्या, "मला माहीत होतं." होतंच त्यांना माहीत! आम्हीच घाबरलो होतो.

पुढच्या थंडीत सिस्टर आजारी पडल्या. दवाखान्यात ठेवलं होतं. मी शाळेतून परस्पर भेटायला जायची. एका रविवारी घरून निघताना चेअरमननी जास्वंदीची एक डहाळी खुडून दिली, लाल कळी असलेली. म्हणाले, सिस्टरना दाखवा आणि सांगा, झाडांना कोणी हात लावला नाही, लावणार पण नाही.

मी डहाळी त्यांच्या उशाशी धरली, निरोप सांगितला. कळीकडे त्यांनी बघितलंही नाही. चादरीवरचा हात उचलवत नव्हता, नुसती दोन बोटं हलली. मला कळलं. मी पान उलटं केलं. खाली पिवळ्या, उभ्या, बारीक अंड्यांचा पुंजका होता.

"ढालकिड्याची," त्या म्हणाल्या. आवाज उरला नव्हता, पण दरारा होता. "कशाला तोडलीत गो? जा, घेऊन जा. मावा असेल त्या कोंबाला बांध."

"मी तुम्हाला बघायला आलेय, सिस्टर."

"बघितलंस ना? मग जा."

मी गेले. रिक्षात ती डहाळी मांडीवर धरून बसले होते, रडत होते आणि वाऱ्यानं पान हलू नये म्हणून पदर आडवा धरत होते. चेअरमननी फांदी वाकवून धरली, मी शिवणाच्या दोऱ्यानं डहाळी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर गेल्या.

त्यांना पोचवायला धाकटी डहाणूहून माणसं आली, तलासरीच्या पाड्यांवरून जीप भरून आली. त्यांच्या हातून जन्मलेली पोरं आता बापये झालेली होती. सगळं आटोपून आम्ही घरी आलो तेव्हा दुपार झाली होती. आंघोळ करून मी तशीच ओल्या केसांनी बागेत गेले आणि पान उलटं केलं. अंडी फुटली होती. काळे, दिसतील न दिसतील एवढे जीव देठावरून वर कोंबाकडे, माव्याकडे निघाले होते.

हे सिस्टरांना सांगायला मी धावत त्यांच्या दाराशी गेले. तिथे कुलूप होतं.