पत्र्याच्या आगगाडीचा कौल

चमत्कारांच्या हकिगती छापणाऱ्या या सदराबद्दल माझं मत संपादकांना ठाऊक आहे. मीच त्यांना पूर्वी कळवलं होतं, की हा मजकूर चुलीत घालायच्या लायकीचा असतो. अंगात येणं, उतारे, मूठ मारणं, देवीचे कौल... या सगळ्याविरुद्ध मी पत्रकं लिहितो, स्वतः वाटतो, आणि त्यापायी जत्रेत मारही खाल्लेला आहे. तेव्हा "बघा, हाही वळला" असं म्हणायला जो टपून बसला असेल त्यानं इथंच पान उलटावं. मी वळलेलो नाही. पण सांगलीच्या बाजारात ही हकिगत भलत्याच रूपात फिरतेय, आणि तिच्यात माझं नाव आहे. म्हणून लिहितो.

लढाई संपून वर्ष उलटलं होतं. सांगलीत एका शाळेच्या हॉलमध्ये छोट्या आगगाड्यांचं प्रदर्शन भरलं. भरवणारे कोण, तर वकिलांचे आणि पेढीवाल्यांचे चिरंजीव. त्यांनी एक छंद-मंडळ काढलं होतं. लोकांना कापड रेशनवर, रॉकेल रेशनवर. आणि हे महाशय इंजिनाला हिरवा रंग शोभतो की लाल, यावर सभा घेणार! मुंबईच्या एका दुकानाचा एजंट विलायतेहून आलेला नवा माल घेऊन आला होता. लढाईत याच कारखान्यांनी दारूगोळा केला, आता पुन्हा खेळणी, असं तो मोठ्या अभिमानानं सांगे. टेबलं जोडून त्यांवर हिरवी चादर, कागदाच्या लगद्याचा डोंगर, त्यात बोगदा, पत्र्याचं स्टेशन, आणि फलाटावर शिशाचे उतारू. सगळे हॅटवाले. मुंडासं एकाच्याही डोक्यावर नाही.

यंदाची नवलाई म्हणून बरंच काही मांडलं होतं. विजेवर पळणारं इंजिन, आपोआप हात वर करणारा सिग्नल, उलटून माल ओतणारी वाघीण, म्हणजे मालाचा उघडा डबा. पण गर्दी होती ती किल्लीच्या एका साध्या गाडीभोवती, आणि तीही गाडीमुळं नव्हे, तिच्या रुळांमुळं. त्या रुळांना नव्या पद्धतीचा सांधा बसवला होता. खऱ्या रेल्वेत रूळ जिथं फुटतात तिथं गाडी कुठं वळवायची ते सांधेवाला ठरवतो. इथं माणूस नको. गाडी कधी उजवीकडं स्टेशनात शिरे, कधी डावीकडं बोगद्यात. माझ्या मते सांधा ढिला होता, बाकी काही नाही. पण एजंट हसून सांगे, "कुठं जाईल ते मलाही सांगता येत नाही."

या एका वाक्यानं घात केला. हळद-गुळाच्या बाजाराला आलेली खेड्यातली माणसं गंमत बघायला आत शिरत होती. उजवीकडं-डावीकडं आपोआप जाणारी एकच गोष्ट आमच्या लोकांना माहीत : देवीच्या अंगावर लावलेली कळी. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कुणा बाईनं मनात काही धरलं, इंजिनामागच्या वाघिणीत फूल ठेवलं, गाडी उजवीकडं गेली... झालं. दुपारपर्यंत इंजिनाला कुंकू लागलं, चादरीवर नारळाचं पाणी सांडलं. एजंटनं हे थांबवावं? त्यानं रांग लावली. आणि मंडळाचे सेक्रेटरी, बी.ए. झालेले, इंजिनापुढं हात जोडून उभे. चेष्टा म्हणून जोडले होते असं नंतर म्हणाले. मी बघितलं तेव्हा डोळे मिटलेले होते.

मी तिथं कशाला गेलो होतो? दाराशी उभं राहून विलायती मालाविरुद्ध पत्रकं वाटायला. आत डोकावलो तर रांगेत आमचे आबा, आणि त्यांच्या मागं पदर सावरून वैनी.

आबा म्हणजे माझे वडील. वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर गेला, आणि तिथून तो बेपत्ता असल्याची खबर आली. मेल्याची नव्हे, बेपत्ता. लढाई संपली, गावची बाकीची पोरं परतली, दादाचा पत्ता नाही. त्याच्याच तुकडीतल्या माणसानं घरी येऊन सांगितलं, की आता वाट बघू नका. पण आबा ना वैनीच्या बांगड्या फोडू देत, ना तिला माहेरी पाठवत. तिचा भाऊ तासगावहून येऊन हात जोडून गेला. तिकडं एक चांगला बिजवर होता, पाट लावायला तयार होता. आबांचं उत्तर ठरलेलं : "देवी कौल दील तवा बघू." आणि आमच्या गावची देवी काही केल्या कौल देईना. गुरव कळ्या लावी, त्या चिकटून बसत. पंचविशीची बाई, ना सुवासीण ना विधवा, गोठा आणि चूल यांच्यामध्ये वाळत चाललेली. मी यावर पत्रक काढलं होतं. आबांनी ते घडी करून तंबाखूला वापरलं.

आता हा माणूस विलायती खेळण्यापुढं सुनेला घेऊन उभा! मी आत घुसलो.

"आबा, अहो ही पोरांची गाडी आहे."

"मग पोरासारखं गप ऱ्हा की," आबा म्हणाले. लोक हसले.

माझं डोकं फिरलं. मी गाडी उचलली. इंजिनाची किल्ली काढून खिशात घातली. चाकं हवेत धरून फिरू दिली, पार थांबेपर्यंत. मग बोटानं ढकलून पाहिली, आत स्प्रिंगचा काहीही ताण उरला नव्हता. एजंट ओरडत होता, कुणीतरी त्याला आवरलं. मी गाडी रुळावर ठेवली आणि पत्रक वाचावं तसं मोठ्यानं बोललो : मंडळी, पोटात किल्ली असेल तर हा देव चालतो, नसेल तर नाही. आता काय विचारायचं ते विचारा, ही जागची हलणार नाही. आणि टेबलापासून दोन पावलं मागं सरलो. बाकीच्यांनाही मागं सारलं.

वैनी पुढं आली. केसातलं शेवंतीचं फूल काढून तिनं वाघिणीत ठेवलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, ती दादा जिवंत आहे का विचारणार. रीत अशी, की प्रश्न मनात धरायचा. तिनं तो सासऱ्यासमोर, भरल्या हॉलमध्ये, मोठ्यानं विचारला.

"मी दुसरं घर करू का?"

एवढंच. आबांची मान खाली गेली. गाडी उभी. मी म्हणालो, बघा, उभी आहे...

आणि ती निघाली.

किल्लीची गाडी कशी जाते ते दिवसभर सगळ्यांनी पाहिलं होतं. सुटली की खडखडत धावते, वळणावर कलंडायला येते. ही तशी गेली नाही. सावकाश गेली, खऱ्या गाडीसारखी, स्प्रिंगची करकर नाही. सांध्यावर आली, उजवीकडं वळली, स्टेशनात शिरली आणि फलाटाशी थांबली. फूल जागचं हललं नव्हतं.

आबांनी वैनीकडं न बघता म्हटलं, "जा बाई." आणि ते बैलगाडीकडं निघून गेले.

आता शहाण्यांसाठी. टेबलाला उतार होता का? मी तिथल्या तिथं रुळालगत सुपारी ठेवून पाहिली, ती जागची हलली नाही. दोरा? रुळांवरून, रुळांखालून हात फिरवला. लोहचुंबक? चादर उचलून टेबलाखाली शिरलो. तिथं धूळ होती. तारा विजेच्या गाडीच्या, त्या दुसऱ्या टेबलावर. इंजिनियरिंग शिकणारा माझा एक मित्र म्हणतो, स्प्रिंगमध्ये थोडा जोर उरला असेल. तीच गाडी, तोच रूळ, मी पुन्हा पुन्हा चाकं थांबवून ठेवून पाहिली. एकदाही हलली नाही. एजंट तर घाबरून पांढरा पडला होता. दुसऱ्या दिवशी सावरला आणि त्याच गाडीचा भाव वाढवून सांगू लागला. एका व्यापाऱ्यानं ती देव्हाऱ्यात ठेवायला नेली म्हणे. नेऊ दे.

वैनीचा पाट लागला. मला याचा आनंद झाला आणि संतापही आला. बाईला माणसासारखं जगू द्या, हे मी दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो, तेव्हा गावात एक माणूस ऐकेना. पत्र्याचा डबा हातभर सरकला तर सगळा गाव लग्नाला. आमच्या चळवळीतले मित्र म्हणतात, हाच दाखला पत्रकात घाल. मी घालणार नाही. उद्या दुसरी कुणी विचारील आणि डबा डावीकडं जाईल, मग तिनं काय करायचं?

गेल्या महिन्यात तासगावला कामानिमित्त गेलो तेव्हा वैनीकडं जेवलो. घर बरं आहे, माणूस अबोल पण चांगला. वैनी पुष्ट झालीय, बोलते, हसते. नवरा रानात गेल्यावर तिनं ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि हळूच म्हणाली, "भावजी, तुमचे उपकार न्हाईत फिटायचे."

मी विचारलं, कसले उपकार?

"आवं, मला काय कळत न्हाई व्हय? देव-बिव काई नसतं, तुमीच सांगत हुता की घरात. कसं हालवलंसा ते न्हाई इचारत. पन माझ्यासाठी हालवलंसा."

मी सांगितलं, वैनी, मी हात लावला नाही. शपथ घेत नाही मी, पण खरं सांगतो. टेबलापासून लांब होतो.

ती हसली. "बरं. न्हाई लावला. जेवा."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, आणि थांबलो. ती कौलावर विश्वास ठेवत नव्हती. त्या हॉलमध्ये उभं राहून चमत्कार न मानणारी साऱ्या गर्दीत ही एकटीच बाई निघाली, तीही माझ्या शिकवणीनं. आणि तिला खोटं पाडायला मलाच सांगावं लागणार होतं, की गाडी कुणी हलवली नाही, ती आपली आपण गेली.

मी भाकरी खाल्ली. गाडी कशी गेली ते मला आजही माहीत नाही.