गच्चीवर जाण्यास मनाई

रत्नाकरराव देवतळ्यांनी आयुष्यभर चुका काढल्या आणि वर त्याचा पगार घेतला. हिंदी मुलखातल्या रांझीच्या कारखान्यात ते इन्स्पेक्शनला होते. सुताएवढा फरक दिसला की लाल खडूनं फुली मारायची आणि ‘रिजेक्ट’ म्हणायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तेव्हा गळ्यात हार पडला, भाषणं झाली, पण हातातला खडू काही सुटला नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हेमलताबाईंच्या पोळ्यांची गोलाई तपासली. दुसऱ्या आठवड्यात हेमलताबाईंनी शेजाऱ्यांच्या कानाला लागून त्यांना शिखर अपार्टमेंटचं सेक्रेटरी करून टाकलं. घरातली पीडा जिन्यात गेली.

फ्लॅट आठच, पण रत्नाकररावांनी कारभार असा मांडला की गावाची महापालिका वाटावी. जिन्यात चपला नकोत. कोणता टप्पा कोणी पुसायचा ते ठरलेलं. नोटीस हिंदीत, आणि खाली झोकदार सही: ‘आज्ञा से, सचिव’. ती सही करताना ते जीभ किंचित बाहेर काढत. लोक कुरकुरत आणि मुकाट ऐकत. कारण पाण्याची मोटर बिघडली की मेकॅनिकला घरून उठवून आणायला, टाकी धुणाऱ्यांच्या डोक्यावर उभं राहायला हाच माणूस जात असे. ते काम दुसरं कोणी करणार नव्हतं, हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

घोळ झाला तो गच्चीवरून. वरच्या मजल्यावरच्या श्यामसुंदर दुब्यांचं छत गेल्या पावसाळ्यात गळलं होतं. महिनोन्महिने रडारड करून सगळ्यांनी वर्गणी भरली आणि यंदा उन्हाळा लागताच गच्चीला गळती थांबवणारा लेप दिला गेला. तो वाळतो न वाळतो तोच त्यावर कोणाच्या तरी पोरांच्या बुटांचे ठसे उमटले. रत्नाकररावांचं डोकं तापलं. त्यांनी सभा बोलावली, नियम मांडला: पावसाळा संपेपर्यंत, कोणत्याही कारणासाठी, कोणीही गच्चीवर पाऊल ठेवायचं नाही. चहा निवायच्या आत नियम मंजूर. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे पाय होते.

नोटीस डकवून ते विजयी मुद्रेनं घरात आले. “गच्ची बंद केली. आता चिटपाखरू नाही जात वर.”

हेमलताबाईंनी ओट्यावरच्या मोठ्या पातेल्याचं झाकण उचललं. “अन् याचं काय करू?”

पातेल्यात गहू भिजत होता.

“हे काय आहे?”

“कुरडयांचा गहू. सकाळीच भिजू घातला. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हो-हो करून राहिले होते अन् नोटीस लिहून राहिले होते.”

कुरडयांचा गहू एकदा भिजला की तो कोणाच्या बापासाठी थांबत नाही. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटायचा, रात्रभर चीक बसू द्यायचा, सकाळी शिजवायचा आणि गरम गरम सोऱ्यातून पाडून कडक उन्हात घालायचा. देवतळ्यांच्या बाल्कनीसमोर पलीकडच्या बिल्डिंगची भिंत होती. तिथं ऊन आलंच तर तोंड दाखवून जाई. दरवर्षी कुरडयांचा एक डबा लेकीला, प्रणोतीला, इंदूरला जात असे. यंदा तर तिला दिवस गेले होते आणि फोनवर तिनं आईकडे दुसरं काही मागितलंच नव्हतं.

रत्नाकररावांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. तेव्हाच ‘करतो काहीतरी’ म्हणाले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण तोंडातून निघालं ते असं, “नियम म्हणजे नियम. सेक्रेटरीच्याच घरून मोडला तर लोक काय म्हणतील?”

“बरं,” हेमलताबाई म्हणाल्या आणि त्यांनी बोलणं बंद केलं.

जेवायला वेळेवर मिळे, चहा वेळेवर मिळे. शब्द मात्र मिळेना. त्या बोलत त्या गव्हाशी. “भिज बाबा, भिज. तुझं नशीबच खोटं, त्याला मी काय करू,” असं पाणी बदलताना म्हणत, बाहेर ऐकू जाईल इतक्या बेतानं. पातेल्याचा आंबूस वास घरभर पसरला. रत्नाकरराव पेपरमागे तोंड लपवून बसत, तिथंही तो येई. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी संध्याकाळी आपल्याच हॉलमध्ये तातडीची सभा बोलावली.

लोक आले ते नाकं आक्रसत. दुब्यांनी विचारलं, “गैस तो लीक नहीं हो रही?”

“नहीं, नहीं,” रत्नाकरराव घाईनं म्हणाले. “मुद्दा ये है कि छत वाले नियम पर थोड़ा पुनर्विचार हो जाए.”

“काहे का पुनर्विचार? आपने ही तो लिखा, किसी भी कारण से नहीं.”

खरं कारण सांगायला जीभ रेटेना. त्यांनी हवेशीरपणाचा मुद्दा काढला, मग सूर्यप्रकाशाचा. कोणाला पटेना. मत घेतलं तर नियम उठवायला दोनच हात वर झाले. एक त्यांचा आणि एक समोरच्या शर्मिलादीदींचा. त्यांना दरवर्षी कुरडया मिळत.

दाराशी विक्की बसला होता. तळमजल्यावरचा, तिशीतला, मोटरसायकलवाला. त्याचा फ्लॅट कटनीला राहणाऱ्या वडिलांच्या नावावर. मागे पार्किंगवरून तो वाद घालायला लागला तेव्हा रत्नाकररावांनी सोसायटीची मूळ नियमावली शोधून त्याला वाचून दाखवली होती: ज्याच्या नावावर फ्लॅट, त्यालाच मत, आणि पदही त्यालाच. तेव्हापासून विक्की सभेला फक्त चहापुरता येई. आज त्यानं कप खाली ठेवला.

“अंकल, आपका हाथ कैसे गिना? आपका फ्लैट किसके नाम पे है?”

सगळ्यांच्या नजरा रत्नाकररावांकडे वळल्या. उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. बायकोच्या नावावर रजिस्ट्री केली की सवलत मिळते, म्हणून रत्नाकररावांनी फ्लॅट हेमलताबाईंच्या नावावर घेतला होता, आणि आपली ही हुशारी ते इतकी वर्षं येईल त्याला ऐकवत आले होते. म्हणजे ते सभासदच नव्हते. सेक्रेटरी तर नव्हतेच. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

दुबे घाबरले. हा माणूस गेला तर मोटरच्या मेकॅनिककडे कोण जाणार? “अरे छोड़ो विक्की,” ते म्हणाले. “भाभीजी अभी बोल दें कि देवतळे जी हमारे फ्लैट की तरफ से हैं, बात खतम. सेक्रेटरी भी पक्के, पुराने सब नियम भी पक्के.”

सगळ्यांनी भराभर माना हलवल्या. हेमलताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. “मैं क्या बोलूँ. इनसे पूछिए,” त्या म्हणाल्या.

रत्नाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या रागावलेल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावलेल्या नव्हत्या. नवरा काय उत्तर देणार हे आपल्याला माहीत आहे, असा त्यांचा चेहरा होता, आणि तो चेहरा रत्नाकररावांना फार लागला. एका मानेच्या होकारात पद वाचत होतं, सही वाचत होती, चार वर्षांचा रुबाब वाचत होता. तरी त्यांनी मान हलवली नाही.

“नहीं,” ते म्हणाले. “जो सेक्रेटरी था ही नहीं, उसकी सही का क्या मतलब? मेरे नाम की सब नोटिसें रिजेक्ट. छत वाली पहले.”

“तो नया नियम बना लो,” कोणीतरी म्हणालं.

“बनाइए ना. पहले नया सेक्रेटरी बनाइए.”

यावर एकाला गॅसवरचं दूध आठवलं, दुसऱ्याला फोन आला, तिसऱ्याची पोरं घरी एकटी होती. विक्कीसुद्धा चहा अर्धा टाकून निसटला. पाहता पाहता हॉल रिकामा झाला.

रत्नाकरराव जिन्यात जाऊन बोर्डावरची नोटीस काढून आले आणि घडी घालून खुर्चीत बसून राहिले. वाईट वाटत होतं, आणि ते लपवायचं त्राण नव्हतं. तेवढ्यात आतून आवाज आला, “गहू वाटाचा आहे. बसून काहून राहिले?”

ते इतक्या चपळाईनं उठले की खुर्ची कलंडली.

सकाळी गच्चीवर जुनी लुगडी अंथरून दोघं अनवाणी बसली. लेपाला ओरखडा नको, एवढं हेमलताबाईंनी आपणहून पाहिलं होतं. त्या गरम चीक सोऱ्यात भरत आणि रत्नाकरराव दोन्ही हातांनी दाबत. पहिली कुरडई वाकडी पडली. ते तिच्याकडे बघत राहिले, मग दुसरी पाडायला लागले.

दुबे चपला हातात घेऊन लेपाची पाहणी करायला वर आले. कुठं काही बिघडलेलं दिसेना. “सेक्रेटरी साब,” ते जुन्याच सवयीनं म्हणाले, “मोटर से कुछ आवाज आ रही है. जरा चलते तो...”

रत्नाकरराव अर्धे उठलेसुद्धा.

“सेक्रेटरी तो कल ही निपट गए, भैया,” हेमलताबाई मान वर न करता म्हणाल्या. “ये हमारे मिस्टर हैं, और अभी काम में हैं.”

रत्नाकरराव परत बसले आणि त्यांनी सोऱ्या पुढं केला.