सोराइदा आणि मोटरीमागची रांग

सोराइदाबद्दल सांगायचं तर पहिली अडचण ही की तिचं वर्णनच करता येत नाही. उंच नाही, बुटकी नाही, गोरी नाही, काळी नाही. मी हवानातल्या तिच्याच इमारतीत, तळमजल्यावर जिन्याखाली बसून लोकांचे लायटर भरून देतो. दिवसातून चारदा ती माझ्या नाकासमोरून जाते. तरी कुणी विचारलं, "काय रे एलादिओ, सोराइदा घरी आहे का?" तर मला छातीठोक सांगता येत नाही. यात माझा दोष नाही, तिचा धंदाच नजरेत न भरण्याचा होता. सरकारी खात्यात राहून तिने अर्धी हयात परदेशी पाहुण्यांवर पाळत ठेवत त्यांच्या मागे फिरण्यात घालवली. आमच्याकडे अशा माणसांचा विषय निघाला की बोलणारा आपल्या खांद्यावर, हुद्द्याच्या फितीच्या जागी, दोन बोटं टेकवतो. ऐकणाऱ्याने काय ते समजावं आणि जिभेला लगाम घालावा.

खात्यातला तिचा जोडीदार म्हणजे एवेलिओ. वरिष्ठांनी दोघांना नवरा-बायकोचं सोंग दिलं होतं. समुद्राच्या कठड्यावर बसायचं, भांडायचं आणि हॉटेलच्या दारावर नजर ठेवायची.

"गळ्यात गळे घालणाऱ्यांकडे लोक वळून बघतात," सोराइदा सांगते. "भांडणाऱ्या नवरा-बायकोकडे कोण बघतंय? घरोघरी तेच."

अशी वर्षानुवर्षं दोघं सरकारी खर्चाने भांडली. मग निवृत्त झाली. ती आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आली, तो तिसऱ्यावर. लग्न कुणीच केलं नाही. भांडण थांबवा असा हुकूम काही वरून आला नाही, त्यामुळे ते चालूच राहिलं.

अशात आमची पाण्याची मोटर चोरीला गेली.

मोटर गेली म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढायचं बंद, आणि वरच्यांनी बादल्या घेऊन जिने चढायचे. त्यातून चोरी झाली ती एवेलिओच्या पहाऱ्याच्या पाळीत. तो अंगणात खुर्ची टाकून बसलेला, आणि त्याच्या पुढ्यातून मोटर गेली. पोलिसात जायची सोय नव्हती, कारण मुळात ती मोटर आम्हीच मागच्या दाराने घेतलेली.

सगळे अंगणात जमले. चौथ्या मजल्यावरची नीएवेस बादली आपटून म्हणाली, "काय हो एवेलिओ, झोपला होता की काय?"

"हो," तो म्हणाला. "डोळा लागला."

"अरे वा! खात्यात असताना माशीसुद्धा सुटायची नाही म्हणे तुमच्या नजरेतून. आणि आता एवढं धूड गेलं तरी पत्ता नाही!"

एवेलिओने मान खाली घातली. म्हणाला, "मी शनिवारच्या गाडीने पार दुसऱ्या टोकाला, ग्वान्तानामोला बहिणीकडे जातोय. कायमचा. माझी खोली विका आणि नवी मोटर घ्या."

सोराइदा तिथेच होती, पण ते मला तिने तोंड उघडल्यावर कळलं. चेहरा पांढराफटक पडला होता तिचा. नेहमीच्या सुरात ती त्याच्यावर खेकसली, "बहिणीकडे जातोय म्हणे! ती तुला दारात उभं करत नाही आणि तू तिला. शनिवारच्या आत मोटर आणू आपण. गप कामाला लाग."

"सोराइदा, आपलं वय काय!"

"माझं कमी आहे. तुझं तू बघ."

तिला एवेलिओ जायला नको होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. एवेलिओला कळलं की नाही, देव जाणे.

दोन दिवस ती पावाच्या रांगेत, रॉकेलच्या रांगेत कान देऊन उभी राहिली. आमच्या शहरात रांगेला माहीत नाही अशी गोष्ट नाही. कळलं ते असं: खालच्या गल्लीतला योआंद्री शुक्रवारी सकाळी हातगाडीवरून एक मोटर गिऱ्हाइकाकडे पोचवणार आहे. हा योआंद्री म्हणजे रेड्यासारखा माणूस, आणि गाडीवर कायम कोयता. बेत साधा होता. त्याच्या मागे जायचं, गिऱ्हाइकाचं घर बघायचं, आणि मग चार तगडी माणसं घेऊन यायचं.

"तूही चल," ती मला म्हणाली. "मागे राहा. लायटरची पेटी घे, म्हणजे माणसासारखा दिसशील."

शुक्रवारी योआंद्री निघाला. गाडीवर ताडपत्री, ताडपत्रीवर कोयता. त्याच्या मागे ही दोघं हातात हात अडकवून, भांडत.

"तुझ्या आईनेच तुला बिघडवलं!"

"माझ्या आईचं नाव काढू नकोस!"

काय सांगू, बघत राहावं असं काम! दोष एकच, सोराइदाचे गुडघे प्रत्येक पावलाला करकरत होते. योआंद्री थांबला की ही दोघं थांबायची. मीही थांबायचो.

तिसऱ्या कोपऱ्यावर एक जाडजूड बाई पिशवी सावरत आली. पुढे झाकलेली गाडी, मागे ओळीने उभी माणसं. रांग दिसली की आमच्याकडचा कुणीही विचारील तेच तिने विचारलं, "शेवटचं कोण?"

आता हवानाच्या माणसाला झोपेतून उठवून हा प्रश्न विचारला तरी तो खरं उत्तर देतो. खात्याने एवेलिओला सतरा प्रकारे खोटं बोलायला शिकवलं होतं, पण या प्रश्नावर खोटं बोलायला कोण शिकवणार?

"मी," एवेलिओ म्हणाला. मग माझी आठवण झाली असावी. "नाही, माझ्यामागे तो लायटरवाला."

सोराइदाने त्याला असा चिमटा काढला की तो कळवळला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाई माझ्यामागे उभी राहिली, तिच्यामागे दोन शाळामास्तरणी, त्यांच्यामागे एक पोस्टमन.

"काय आलंय?"

"कोंबडी म्हणतात."

"अहो कोंबडी कुठली, साबण आहे!"

पुढच्या चौकात पोचेपर्यंत चाळीसेक माणसं झाली. योआंद्री चालला की रांग चाले, तो गल्लीत वळला की रांग वळे. "ए, मध्ये घुसू नका, आम्ही काय वेडे आहोत का?" असा आरडाओरडा. तो पळायला लागला तशी रांगही पळायला लागली, पण क्रम मोडला नाही हो कुणी!

शेवटी गल्ली संपली. समोर भिंत. योआंद्री घामाघूम होऊन वळला आणि त्याने कोयता उगारला. "मागे व्हा! एकेकाला कापीन!"

मग ती जाडजूड बाई आनंदाने ओरडली, "अगं बाई, डुकराचं मटण आहे! कापून देतोय!"

"मला मांडीचं दे रे बाळा!"

"माणशी किती?"

"चरबी काढून दे, मला डॉक्टरांनी बंद केलीय!"

आणि त्या गोंधळात एवेलिओ सोराइदाचा हात सोडून सरळ पुढे गेला. कोयता डोक्यावर, आणि हा त्याच्या खाली उभा राहून शांतपणे म्हणतो, "दमलास का रे? गाडी जड दिसतेय. दे, मी धरतो."

सोराइदा किंचाळली. आयुष्यभर जिचा आवाज कुणाच्या लक्षात राहिला नाही, तिची ती किंकाळी मी मरेपर्यंत विसरणार नाही. योआंद्रीने एकदा या म्हाताऱ्याकडे पाहिलं, एकदा पिशव्या उघडून उभ्या असलेल्या गर्दीकडे. त्याने कोयता टाकला, भिंतीवर चढला आणि पलीकडे उडी मारली.

लोकांनी ताडपत्री ओढली. खाली आमची मोटर.

हळहळ झाली, पण क्षणभरच. "मोटर तर मोटर," पोस्टमन म्हणाला. "कोण घेतंय?" चार हात पुढे आले. सोराइदा त्यांच्यापुढे उभी राहिली. चोरीचा माल आहे, आमचा आहे, असलं काही तिने सांगितलं नाही. ते कोण ऐकणार होतं? तिने एवढंच विचारलं, "रांगेत पहिलं कोण होतं?"

सगळ्यांनी मागे-पुढे बघितलं. जाडजूड बाईनेच न्याय दिला. "खरंय. पहिली ही दोघं होती. मोटर त्यांची."

पुढे आलेले चारही हात मागे गेले. उलट पोस्टमनने गाडी ढकलायला हात लावला.

इमारतीत एवेलिओचा जयजयकार झाला. नीएवेस सगळ्यांना सांगत होती, "कोयत्याखाली उभा राहिला! काय छाती आहे!" मी आणि पोस्टमनने मोटर बसवली, पाणी चढलं, लोक आपापल्या घरी बादल्या भरायला पळाले. मी नळीचा आटा आवळत खाली वाकलो होतो, म्हणून पुढचं ऐकू आलं. नाहीतर मी काही कुणाचं चोरून ऐकत नाही.

एवेलिओ आपली बांधलेली पेटी घेऊन जिन्याच्या पायरीवर बसला होता.

"कसला कोयता?" त्याने हळूच विचारलं.

सोराइदा त्याच्या शेजारी टेकली.

"मला काहीतरी वर केलेला हात दिसला. मला वाटलं घाम पुसतोय." मग तोच म्हणाला, "त्या दिवशी पहाऱ्यावर मी झोपलो नव्हतो गं. तो आला, मोटर सोडवायला लागला. मला वाटलं, आपला एलादिओच काहीतरी दुरुस्त करतोय. मी त्याला शुभ संध्याकाळ म्हटलं. त्यानेही म्हटलं."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुला दिसत नाही ते. दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"आयुष्यभर लोकांनी लपवलेलं उकरून काढलं रे," सोराइदा म्हणाली. "तुझं तेवढं राहू द्यावं, असं वाटलं."

एवेलिओने रुमाल काढून नाक शिंकरलं. "तरी जायलाच हवं. आंधळा पहारेकरी कुणाला हवाय?"

"मला," ती म्हणाली. मग तोंडातून असा शब्द निघाला म्हणून चिडल्यासारखी तिने त्याची पेटी हिसकावली आणि जिना चढायला लागली. तो तिच्या मागोमाग, कठडा धरून, कुरकुरत. मी मान वर करून बघत होतो. दुसऱ्या मजल्यावर, आपल्या दारापाशी ती थांबली आणि तिने किल्ली काढली.

"अगं, अजून एक जिना राहिला," एवेलिओ म्हणाला.

"नाही राहिला," सोराइदा म्हणाली, आणि तिने दार उघडलं.