बेरजेची दुरुस्ती

अयिंके ओयेडिरानला तिच्या नावाने हाक मारणारं नायजेरियातल्या इबादानमध्ये फारसं कुणी उरलं नव्हतं. मुलगी झाल्यापासून ती बोलूची आईच झाली होती, घरी आणि कचेरीतही. एका विद्यापीठाच्या आरोग्यविषयक जर्नलची ती सव्वीस वर्षं सचिव होती. सचिव म्हणजे सगळंच. आलेला शोधनिबंध वहीत नोंदवायचा, लेखकाचं नाव झाकून परीक्षकाकडे धाडायचा, परीक्षकाचं नाव झाकून त्याचा शेरा लेखकाला कळवायचा, आणि छपाईआधी ओळन् ओळ तपासायची. शिक्षण शाळेपुरतं आणि वर टायपिंग. पण तिच्या हाताखालून गेलेल्या कोष्टकात बेरीज चुकलेली राहत नसे. "एक वेळ प्रोफेसरांचं पोर नापास होईल, पण बोलूच्या आईची बेरीज चुकायची नाही," असं शिपाई म्हणायचे.

वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याच्या धुळीचे दिवस होते. टेबल पुसून पाठ वळवली की पुन्हा राखाडी. डॉक्टर सोवांडेंचा निबंध त्याच दिवसांत आला. सोवांडे त्याच फॅकल्टीतले, प्रोफेसर व्हायला एक चांगला पेपर कमी पडत होता. विषय होता ओगुन नदीकाठच्या शाळकरी मुलींचा. नदीत कपडे धुता धुता, पाणी भरता भरता अंगात जंतू शिरतात आणि लघवीतून रक्त जायला लागतं. अकरा गावं. बोलूच्या आईने सवयीने तिसऱ्या कोष्टकावर पेन्सिल टेकवली आणि आकडे मिळवत खाली आली. तीनशे शहाऐंशी. छापलं होतं तीनशे अडुसष्ट.

ही चूक तिने आधी पाहिली होती.

दुपारी जेवणाचा, अमालाच्या उकडीचा डबा उघडलाच नाही. जुनी कपाटं उपसून तिने चार वर्षांपूर्वीची फाईल काढली. दूरच्या मकुर्डी शहरातली एक तरुण अध्यापिका, डूशिमा अक्पेन. तिने बेन्वे नदीकाठच्या अकरा गावांतल्या मुली तपासल्या होत्या. तिसरं कोष्टक, खाली तीनशे अडुसष्ट, आणि समासात बोलूच्या आईच्याच अक्षरात, 'बेरीज?'. सोवांडेंनी गावांची नावं बदलली होती, या गावातल्या दोन मुली काढून त्या गावात घातल्या होत्या, वाक्यंही फिरवली होती. बेरीज मात्र करून पाहिली नव्हती.

मग तिने नोंदवही उघडली. डूशिमाचा निबंध परीक्षणाला कुणाकडे गेला होता? डॉक्टर सोवांडे. शेरा: 'नवीन काही नाही. नाकारावा.' तो शेरा टाईप करून मकुर्डीला पाठवला होता तिनेच. लेखकाचं नाव झाकलेलं, त्यामुळे आपण कुणाचं उचललं हेसुद्धा त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

फाईल घेऊन ती संपादकांकडे गेली. प्रोफेसर फाटोकुन माणूस वाईट नव्हता. तिने रिवाजाप्रमाणे नमस्काराला गुडघा टेकवायच्या आधीच "असू दे, असू दे" म्हणणारा. त्यांनी दोन्ही कोष्टकं शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही सर."

"मग माझ्यावर सोडा."

फाईल त्यांच्या खणात गेली. दोन आठवड्यांनी सोवांडेंचा निबंध परत तिच्या टेबलावर आला. वर 'छापावा' असा शेरा. ती उठून आत गेली.

"सर, हा?"

"बोललो मी त्यांच्याशी. योगायोग आहे म्हणतात. दोन्हीकडे नद्या, दोन्हीकडे मुली. होतं असं." ते खिडकीबाहेर पाहत होते. डीनची निवडणूक महिन्यावर आली होती आणि सोवांडेंच्या गटाची मतं कुणाला हवी होती हे शिपायांनाही माहीत होतं. "तिसऱ्या कोष्टकाची बेरीज तेवढी चुकलीय. ती दुरुस्त करून घ्या."

ती हलली नाही.

"आणि काय हो, बोलूचं यंदा शेवटचं वर्ष ना?" फाटोकुन हळूच म्हणाले. "आपल्याच फॅकल्टीत. सोवांडेच शिकवतात ना तिला?"

बोलूची आई टेबलाशी येऊन बसली. वीज गेली होती, बाहेर जनरेटर धडधडत होता. तिने लाल पेन उचललं, तीनशे अडुसष्टवर रेघ मारली आणि शेजारी वळणदार अक्षरात तीनशे शहाऐंशी लिहिलं. सव्वीस वर्षांत एवढा जड आकडा तिने लिहिला नव्हता.

अंक निघाला. सोवांडे प्रोफेसर झाले, फाटोकुन डीन झाले, संपादकपदही त्यांनी सोडलं नाही. बोलू पास झाली. निकालाच्या दिवशी मुलगी नाचत घरी आली तेव्हा आईने तिला नुसतं जवळ घेतलं.

मग एका सकाळी डूशिमा कचेरीच्या दारात उभी राहिली. मकुर्डीहून बसने आली होती, पिशवीत गावोगावच्या वह्या आणि सोवांडेंचा निबंध छापलेला अंक.

"मावशी, तुमच्याच सहीने मला नकार आला होता. माझा निबंध तेव्हा तपासायला कुणाकडे दिला होता?"

परीक्षकाचं नाव सांगायचं नाही, हा पहिला धडा. जुन्या संपादकांनी तिच्याकडून शपथेसारखा घोकून घेतला होता. सव्वीस वर्षांत तिने तो नवऱ्यापाशीही मोडला नव्हता. तिने नोंदवही काढली, पान उघडलं आणि डूशिमाकडे फिरवलं.

"वाच. माझे डोळे हल्ली नीट चालत नाहीत."

डूशिमाने तक्रार केली, चौकशी समिती बसली. अध्यक्ष फाटोकुनच. त्यांच्या खणात गेलेली फाईल कुणालाच सापडली नाही, सोवांडेंची लाल रेघ मारलेली मूळ प्रतही नाही. डूशिमाने आपल्याकडची प्रत पुढे ठेवली. प्रोफेसर सोवांडे शांतपणे हसले.

"हिच्या कोष्टकात बेरीज चुकलेली आहे. माझ्या छापलेल्या कोष्टकात बरोबर आहे. मी चोरलं असतं तर चुकीसकट चोरलं असतं ना?"

"तुमचीही चुकलेलीच होती," बोलूची आई म्हणाली. "मी दुरुस्त केली."

"हो का? मग तेव्हा तोंडाला कुलूप का होतं?"

तिने फाटोकुनांकडे पाहिलं. ते कागद वाचत होते.

"आणि बाई," सोवांडे पुढे म्हणाले, "परीक्षकाचं नाव तुम्ही बाहेरच्या माणसाला दाखवलंत. जर्नलची काही नीती असते की नाही?"

समितीतल्या तिघांनीही माना डोलावल्या. चोराच्या उलट्या बोंबा तिने ऐकल्या होत्या, पण त्यांचं इतिवृत्त टाईप करून सहीला ठेवायची वेळ पहिल्यांदाच आली. निर्णय तिनेच टंकला: साम्य योगायोगाचं आहे. प्राथमिक माहितीबद्दल श्रीमती अक्पेन यांचे आभार पुढच्या अंकात छापावेत. गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल सचिवांना सेवेतून मुक्त करावं. शेवटच्या ओळीत एकही टायपिंगची चूक तिने होऊ दिली नाही.

घरी बसल्यावर तिने सगळं लिहून काढलं, लाल पेनाचंसुद्धा, आणि जर्नलांच्या नीतिनियमांवर लक्ष ठेवणाऱ्या परदेशातल्या एका संस्थेला पाठवलं. पाच महिन्यांनी उत्तर आलं: आपली तक्रार गंभीर आहे, म्हणून ती संबंधित जर्नलच्या संपादकांकडे योग्य कार्यवाहीसाठी पाठवली आहे.

बोलू चिडली. "आई, कोल्ह्यालाच कोंबड्या राखायला दिल्या की यांनी! आणि तू तरी तेव्हा का गप्प बसलीस?"

"तुझा निकाल यायचा होता."

त्याच दिवशी बोलूने भिंतीवरचा आपला पदवीदानाचा फोटो काढून ठेवला.

डूशिमाचा फोन पावसाळ्यानंतर आला.

"मावशी, आता नका कुणाला लिहू. मीही संशोधन सोडलं. शाळेत शिकवते."

"असं नको गं बोलूस."

"परवा त्या गावांत गेले होते. मुली विचारत होत्या, आमच्या लघवीच्या बाटल्या भरून नेल्यास, त्याचं औषध कधी येणार?"

"मग? काही हालचाल?"

"आलं ना औषध. सरकारने सोवांडेंचा पेपर वाचून गोळ्या पाठवल्या." डूशिमा हसली, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "ओगुन नदीवर. पेपरात तीच गावं आहेत. तिथल्या आरोग्यसेविकेला विचारलं मी. म्हणाली, इथे एवढा आजार कुठेय, निम्म्या गोळ्या तशाच पडून मुदत संपली."

बोलूच्या आईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि तुझ्या गावांत?"

"माझ्या गावांत नदी आहे, मावशी," डूशिमा म्हणाली. "मुली रोज पाण्याला जातात."