वरचा माणूस

कुंदा गेल्याचा फोन आधी मला आला, तिच्या भावाला नाही. सकाळचे साडेनऊ वाजले होते, गॅसवर दूध होतं. हॉस्पिटलातली मुलगी म्हणाली, "मॅडम, फॉर्मवर तुमचंच नाव आहे, म्हणून..." दूध उतू गेलं आणि ओटा संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. रात्रभर तिच्याजवळ बसलेले तिचे दादा नुकतेच आंघोळीला घरी गेले होते. त्यांना फोन लावला. "कशी आहे?" त्यांनी विचारलं. "दादा, कुंदा गेली," मी म्हणाले. ते म्हणाले, "असं धाडकन सांगतात का गं?" असंच सांगायचं असतं, हे कळायला मला सतरा वर्षं लागली. आता महिना होऊन गेला आहे. रडून झालं, भेटायला येणारे येऊन गेले, आणि खरं सांगायचं तर मी दमले आहे. पण हे एकदा लिहून टाकल्याशिवाय सुटका नाही.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो, ती प्राणिशास्त्र आणि मी रसायनशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मधे एकच भिंत होती. माझ्याकडच्या वासांबद्दल ती तक्रार करायची, तिच्याकडच्या वासांबद्दल मी. ती बदलापूर गावातल्या शेतकऱ्याची मुलगी, मी अंबरनाथची. तिचा जीव स्पंजांवर. समुद्राच्या तळाशी एका जागी बसून आयुष्यभर पाणी गाळत राहणारे प्राणी. "म्हंजे भांडी घासायचा?" तिच्या वहिनींनी विचारलं होतं. "तोच. पण जिवंत," कुंदा म्हणाली. परदेशात समुद्राच्या तळाशी एक प्रयोगशाळा आहे, लांबट टाकीसारखं घरच म्हणा. बाहेरच्या संशोधकांना अर्ज करून तिथे दहा दिवस राहता येतं. कुंदानं तीनदा अर्ज केला. तिसऱ्यांदा होकार आला तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. पाण्याचा दाब सोसेल असं कानांचं सर्टिफिकेट मागायला आम्ही उल्हासनगरच्याच कॅम्पातल्या डॉक्टरकडे गेलो, तर तो म्हणाला, "मॅडम, विमानात बसायचंय का?" आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, माणसाच्या उंचीच्या मापात फक्त एवढंच विचारलं, "किती पुरुस पानी?" दहा-अकरा पुरुष, ती म्हणाली. विहिरीत तिला पोहायला शिकवलेलं आठवून आबा हसले. "आपली हीर तीन पुरुस. तिच्यान पन तुला डबा बांधून सोरलेली."

खाली राहायला गेलेल्या माणसाला एकदम वर येता येत नाही. अंगाला त्या खोलीच्या दाबाची सवय लागते. घाईनं वर आणलं तर बूच काढलेल्या सोड्याच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे होतात आणि माणूस जातो. म्हणून आतल्या हवेचा दाब हळूहळू कमी करत जवळजवळ सबंध दिवस घालवावा लागतो. वर काहीही होवो, खालच्याला तो दिवस चुकत नाही. त्यामुळे त्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता : जमिनीवरचा एक माणूस. रोज पाच मिनिटं त्याच्याशी बोलायचं. घरून काही बातमी आली तर ती खाली द्यायची की नाही, हे त्यानं ठरवायचं. कुंदा त्याला 'वरचा माणूस' म्हणायची. तिनं माझं नाव लिहिलं. "दादा रडेल, वहिनी लपवेल. तू खरं सांगशील," ती म्हणाली. मी हो म्हणाले. रसायनशास्त्राची बाई, मोजूनमापून बोलणारी... मला त्यात अवघड काहीच वाटलं नव्हतं.

आमच्याकडे दुपारचे चार वाजून दहा मिनिटं झाली की माझ्या हॉलमधला फोन वाजायचा. भिंतीशी एक लाकडी स्टूल होतं, मी आधीच त्यावर जाऊन बसायची. तिचा आवाज दाबामुळे जरा नाकात आल्यासारखा यायचा. पहिले पाच दिवस ती नुसती हसत होती. खिडकीशी एक मासा रोज येतो, आणि आपणच बरणीत आहोत असं वाटतं, म्हणाली. सहाव्या दिवशी जेवणानंतर आबा घरापुढच्या ओट्यावर बसल्याबसल्या गेले. मी पोचले तेव्हा दादांनी माझे दोन्ही हात धरले. "तिला नको सांगू. ती उडी मारून वर येईल." तसं तिला कुणी येऊ देणार नाही हे मला माहीत होतं, दादांना नव्हतं. म्हणजे दादांकडे निदान कारण तरी होतं. घरी येऊन मी स्टुलावर बसले. तिथल्या किनाऱ्यावरच्या माणसानं आधी मला विचारलं, काही कळवायचं आहे का? नाही, मी म्हणाले. मग कुंदा आली. "आबा काय करतायत?" "शेतावर गेलेत," मी म्हणाले. पुढचे तिन्ही दिवस तिनं विचारलं आणि मी तेच सांगितलं.

ती वर आली, कोरडी झाली, तेव्हा मी फोनवर सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे चारही दिवस ते शेतावर नव्हते?" वर आल्यावरही लगेच विमानात बसता येत नाही, त्यामुळे ती आबांच्या दहाव्याच्या आदल्या दिवशी घरी पोचली. मी म्हणाले, कुंदा, सांगितलं असतं तरी तू वेळेत पोचली नसतीस. "पोचले नसते," ती म्हणाली. "पण चार दिवस मी हसत होते गं. तुला माहीत होतं, आणि तू मला हसू दिलंस."

तिनं मैत्री तोडली नाही, तोडली असती तर बरं झालं असतं असं मला कित्येकदा वाटलं. उलट चार-दहाचा फोन तिनं चालूच ठेवला, कॉलेजातून घरी गेली की, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. फक्त मी काहीही सांगितलं की विचारायची, "नक्की?" उद्या सुट्टी आहे. नक्की? बारवी धरणाचं पाणी आज येणार नाही. नक्की? सहज विचारायची, पण मी दर वेळी आतून चोरटी व्हायची. पुढे तिनं आपल्या दोन विद्यार्थिनींना त्याच प्रयोगशाळेत पाठवलं. फॉर्म भरताना मी समोरच होते. त्या रकान्याशी येऊन ती मुलींना म्हणाली, "जो तुमच्यावर फार प्रेम करत नाही, असा माणूस निवडा." मी कपबशा उचलून विसळायला गेले.

गेल्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. दाखल करताना काउंटरवरच्या क्लार्कनं विचारलं, "कळवायचं कुणाला? नाव?" दादा शेजारीच उभे होते. कुंदानं माझं नाव सांगितलं. "नातं?" "वरचा माणूस," ती म्हणाली. क्लार्कनं मैत्रीण असं लिहिलं. दादांना ते लागलं असणार. आठवड्यानं डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्याच हातात दिला. बाहेर बाकावर दादांनी पुन्हा माझे हात धरले. "तिला नको सांगू, निर्मला." तेच हात, फक्त म्हातारे झालेले. मी ते सोडवले आणि आत गेले. सगळं सांगितलं : कुठे आहे, किती पसरलाय, किती महिने. कुंदानं ऐकून घेतलं. "नक्की?" "नक्की," मी म्हणाले. तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाली, "चल, मग आता हसायचं असेल तर माहीत असून हसू." त्यानंतर पाच महिने ती जगली. पुष्कळ रडली आणि मधूनमधून हसलीसुद्धा. मला तिनं पुन्हा कधी 'नक्की?' विचारलं नाही.

हॉलमधला फोन केव्हाच बंद पडला, तो मी काढूनही टाकला. स्टूल तिथेच आहे. चार-दहा झाले की मी त्यावर जाऊन बसते. कुणी बघत नाही, म्हणून तोंडानं बोलतेसुद्धा. तुझ्या त्या दोन विद्यार्थिनींपैकी धाकटीनं पुन्हा अर्ज केलाय. कॉलेजात तुझ्या स्पंजांच्या बरण्या कुणीतरी फडताळात वर ठेवून दिल्यात, नाव पुसलेल्या. काल मी म्हणाले, दादा बरे आहेत... आणि तिथेच थांबले. नाही कुंदा. दादा जेवत नाहीत. आबा बसायचे त्या ओट्यावर बसून राहतात, आणि वहिनींनी पुढे ठेवलेलं ताट तसंच परत करतात.